पावतीचा प्रश्न : दख्खनमधील सावकार-कुळांच्या वादाची एक बाजू

१२ मे १८७५ रोजी पुणे जिल्ह्याच्या भीमथडी तालुक्यातील सुपे येथे आठवड्याचा बाजार भरला असता आसपासच्या गावांतील शेतकऱ्यांनी सावकारांच्या घरांवर व दुकानांवर हल्ला केला. पुढील काही आठवड्यांत पुणे व नगर जिल्ह्यांतील अनेक गावांत असेच प्रकार घडले. या उठावाची आर्थिक कारणे, म्हणजे कापसाची तेजी व तिच्यामागून आलेली मंदी, साऱ्याची फेरआकारणी, पतपुरवठ्याचा संकोच इत्यादी, अभ्यासकांनी विस्ताराने मांडली आहेत. त्यांची पुनरुक्ती येथे करण्याचे प्रयोजन नाही. प्रस्तुत टिपणात एकाच गोष्टीकडे लक्ष वेधावयाचे आहे. सुप्यास लूट झाली हे खरे. परंतु एकंदरीने पाहता जमावाची मुख्य मागणी कागदांची होती. खते आणि रोखे हाती आले की ते जाळण्यात येत, आणि जेथे सावकाराने ते निमूटपणे काढून दिले तेथे त्याच्या अंगास बहुधा हात लागला नाही.

कागद जाळला म्हणजे कर्ज बुडाले, असा या कृतीचा सरळ अर्थ लावण्यात येतो. तो अपुरा आहे. चौकशीसाठी नेमलेल्या आयोगापुढे जी गाऱ्हाणी आली त्यांत नगर जिल्ह्याच्या कर्जत तालुक्यातील मिरजगावच्या एका शेतकऱ्याचा अर्ज आहे. सावकार कापड व धान्य उधारीने देतो, पण रोखीच्या गिऱ्हाइकापेक्षा शेकडा २५ ते ५० अधिक दर लावतो, अशी त्यात तक्रार आहे. आणि तिच्याहून गंभीर अशी दुसरी. शेतातील पीक सावकार घेऊन जातो, नेताना ते खात्यावर जमा करू म्हणतो, प्रत्यक्षात जमा करीत नाही व नेलेल्या मालाची पावतीही देत नाही. म्हणजे या अर्जदाराचे म्हणणे ‘मला फेडता येत नाही’ एवढेच नव्हते. ‘मी दिले आहे, आणि तरीही मी न देणारा ठरतो’ असे ते होते.

सावकार येथे दुकानदारही होता, आणि ज्याच्याशी त्याचा व्यवहार त्यास मराठीत ‘कूळ’ म्हणत. हा शब्द जमीन कसणाऱ्यास लागतो, ऋणकोस लागतो आणि वकिलाकडे येणाऱ्या पक्षकारासही लागतो. तिन्ही अर्थांत एक समान धागा आहे : कूळ हे नेहमी कोणाचे तरी असते.

आता कर्जरोख्याची भाषा पाहू. रोख्यात दोन व्यक्ती असतात, ‘लिहून घेणार’ व ‘लिहून देणार’. लिहून देणार हा ऋणको होय. ‘मी तुमच्यापासून इतके रुपये रोख घेतले’ असे प्रथमपुरुषी विधान त्याच्या तोंडी घातलेले असते. वस्तुतः तो निरक्षर. मजकूर सावकाराचा कारकून वा अन्य कोणी लिहिणार आणि खाली कुणब्याची निशाणी म्हणून नांगराची आकृती येणार. ज्याचा ‘मी’ त्या कागदात बोलतो त्यास तो कागद वाचता येत नाही, आणि कागद राहतो दुसऱ्याच्या पेटीत. पावतीची रचना याच्या नेमकी उलट असते. ‘पावणे’ या क्रियापदापासून सिद्ध झालेल्या या शब्दात धनको बोलतो : मला पावले. ती लिहिणारा तो आणि जपून ठेवणारा ऋणको. ज्याचे बळ अधिक त्याने पहिला कागद लिहवून घेतला; दुसरा लिहवून घेण्याचे बळ कुळाजवळ नव्हते. माझ्या मते या वादाचे मूळ व्याजाच्या दराइतकेच या विषमतेत आहे.

हा धोका प्राचीन धर्मशास्त्रकारांच्या ध्यानात आलेला होता. ऋणकोने जसजसे धन द्यावे तसतसे ते लेखाच्या पाठीवर नोंदवावे, अथवा धनिकाने स्वहस्ताची ‘उपगत’ म्हणजे पावती द्यावी, असे याज्ञवल्क्य सांगतो. सर्व ऋण फिटल्यावर लेख फाडून टाकावा किंवा शुद्धीसाठी दुसरा लेख करून घ्यावा, आणि साक्षीदारांसमक्ष घेतलेले ऋण साक्षीदारांसमक्षच फेडावे, असेही त्याचे म्हणणे आहे. नारद आणखी पुढे जातो. मागूनही जो धनिक पावती देत नाही त्याची उरलेली बाकी बुडते, असा त्याचा नियम आहे. हे नियम खेडोपाडी जसेच्या तसे पाळले जात असे समजण्याचे कारण नाही. तथापि पावती नाकारण्याचे मोल धनकोनेच भरावे, हे तत्त्व त्यांत निःसंदिग्ध आहे. या दुसऱ्या लेखास पुढे ‘फारखत’ हे नाव रूढ झाले. अरबी ‘फारिग’ म्हणजे मुक्त व ‘खत’ म्हणजे लेख. आज हा शब्द ‘फारकत’ या रूपाने बहुतेक विवाहविच्छेदापुरताच उरला आहे. कर्जमुक्तीसाठी तो सहसा ऐकू येत नाही, ही गोष्ट मला सूचक वाटते.

इंग्रजी अमलातील १८५९ च्या मुदतीच्या कायद्याने नोंदणी न झालेल्या साध्या रोख्यांवरील दाव्यास ३ वर्षांची मर्यादा घातली. हेतू ऋणकोच्या हिताचा; परिणाम विपरीत झाला. दर ३ वर्षांनी रोखा नवा होऊ लागला, थकलेले व्याज मुद्दलात मिळू लागले आणि प्रत्येक नव्या रोख्यात कूळ पुन्हा एकदा ‘रोख घेतले’ असे म्हणू लागले. जुना रोखा परत मिळेलच याची शाश्वती नव्हती. न्यायालयात एक फेडलेला कागद आणि एक न फेडलेला कागद सारखेच दिसतात. त्यातून बहुसंख्य हुकूमनामे एकतर्फी होत. कूळ हजर नसे, आणि असले तरी त्याच्या तोंडच्या शब्दास त्याच्याच नावाचा लेख खोटा पाडी. सर्वच सावकार लबाड होते असे नव्हे. पुष्कळांच्या वह्या चोख असत. परंतु चोख वही आणि लबाड वही यांत निवड करण्याचे साधन न्यायाधीशाजवळ नव्हते.

ते साधन पुरविण्याचा प्रयत्न १८७९ च्या दख्खन शेतकरी साहाय्य कायद्याने केला. पुणे, सातारा, सोलापूर व नगर या ४ जिल्ह्यांसाठी तो प्रथम झाला. रोख्याच्या आकड्यावर न थांबता व्यवहाराचा आरंभापासूनचा इतिहास न्यायालयाने तपासावा, मुद्दल व व्याज यांचे हिशेब वेगळे मांडावेत, व्याजाचे मुद्दल झालेले मानू नये, अशी त्यातील मुख्य कलमे होत. प्रतिवादी कुळाची साक्ष घ्यावी ही तरतूद मला विशेष महत्त्वाची वाटते, कारण तीमुळे रोख्यातील ‘मी’ आणि प्रत्यक्ष बोलणारा ‘मी’ समोरासमोर आले. रोखे गावनोंदणी अधिकाऱ्यासमक्ष लिहिले जावेत आणि दाव्यापूर्वी सलोख्याचा प्रयत्न व्हावा, असेही ठरले. महादेव गोविंद रानडे यांनी या कायद्याखालील न्यायाधिकारी म्हणून काम केले आहे.

पावतीसाठी स्वतंत्र प्रकरण होते. शेतकऱ्यास लेखी पावती, वार्षिक हिशेबाचा उतारा आणि खातेपुस्तक मिळण्याचा हक्क देण्यात आला व ते नाकारणाऱ्यास दंड ठेवण्यात आला. नारदाच्या नियमाशी ताडून पाहता फरक उघड आहे : तेथे बाकी जाते, येथे दंड भरून बाकी शाबूत राहते. शिवाय पुढील हंगामाचे बियाणे ज्याच्याकडून घ्यावयाचे त्याच्याविरुद्ध पावतीसाठी फिर्याद करणारे कूळ किती निघणार?

सावकारांनीही कागदाचा प्रकार बदलला. कर्जरोख्याऐवजी ते जमिनीचे खरेदीखत लिहवून घेऊ लागले; पैसे परत केले की जमीन परत, हा करार तोंडी राहिला. खरेदीखतात फेड नाही, बाकी नाही, त्यामुळे पावतीचा प्रश्नही नाही. म्हणून सावकारी व्यवहारात झालेली जमिनीची खरेदी ही खरी खरेदी आहे की कर्जाचे तारण, याची चौकशी करण्याची गरज पुढेही राहिली. महाराष्ट्राच्या २०१४ च्या सावकारी नियमन कायद्याने जिल्हा निबंधकास मागील १५ वर्षांपर्यंतच्या अशा व्यवहारांत शिरण्याचा व जमीन मूळ मालकास परत देवविण्याचा अधिकार दिला आहे.