व्यायाम का सुटतो आणि तो कसा टिकवावा?

व्यायाम सुटला की आळसाला दोष दिला जातो. वस्त्यांमध्ये काम करताना आम्हाला मात्र वेगळीच कारणे दिसतात: वेळ, पैसा आणि संकोच. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार २०२२ मध्ये भारतातील ५७ टक्के प्रौढ स्त्रिया आणि ४२ टक्के पुरुष पुरेशी शारीरिक हालचाल करत नव्हते. ही तफावत केवळ आळसाने पडत नाही.

वेळ : आठवड्याला किमान १५० मिनिटे मध्यम श्रमाची हालचाल हवी. ती सलग असण्याची गरज नाही. बसमधून एक थांबा आधी उतरून दहा मिनिटे भरभर चाललो, तरी ती मोजली जातात.

पैसा : जोर, बैठका, दोरीच्या उड्या यांना जिमची फी लागत नाही.

संकोच : "लोक काय म्हणतील" म्हणून अनेक मुली आणि गृहिणी एकट्या बाहेर पडत नाहीत. तिघी-चौघींनी वेळ ठरवून एकत्र चालावे. त्यासाठी घरातल्या पुरुषांनी सकाळचे पाणी भरणे, डबे करणे वाटून घ्यावे. नाहीतर तिला वेळ मिळणार कुठून?

सातत्य : लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजच्या एका अभ्यासात सवय अंगवळणी पडायला सरासरी ६६ दिवस लागले, एखादा दिवस चुकल्याने फारसे बिघडले नाही. म्हणून खाडा पडला तर दुसऱ्या दिवशी पुन्हा सुरुवात करावी.

हृदयविकार असल्यास किंवा चालताना छातीत दुखत असल्यास आधी डॉक्टरांना विचारावे.