जिन्नस, इसम आणि असामी

भाची सोलापूरच्या कॉलेजात जावा शिकते. परवा मोहोळला आली ती वही घेऊनच. "मामू, इसमें क्लास कौनसा और ऑब्जेक्ट कौनसा, समजताच नै." तिने क्लासला 'स्टुडंट्स' नाव दिले होते आणि त्यातल्या ऑब्जेक्टना एस१, एस२, एबीसी. मी भाषेचा मास्तर, जावा मला येत नाही. पण हा घोटाळा ओळखीचा निघाला. आपल्या भाषेने तो फार पूर्वीच करून ठेवला आहे.

'जिन्नस' घ्या. किराणा यादीतली एकेक वस्तू म्हणजे जिन्नस. मूळ अरबी शब्द 'जिन्स', आणि तो ग्रीक 'गेनोस'वरून आला असे मानतात. अर्थ प्रकार, जात. उर्दू व्याकरणात आपण लिंगाला जिन्स म्हणतो ते त्यामुळेच. मदरशात मन्तिक, म्हणजे तर्कशास्त्र, शिकवतात. त्यातले असीरुद्दीन अबहरी यांचे 'ईसागोजी' 13व्या शतकातले. तिथली उतरंड साफ आहे : हैवान ही जिन्स, तिच्या पोटात इन्सान ही नौ, आणि ज़ैद हा त्यातला एक फर्द. भाचीच्या पुस्तकात क्लास, सबक्लास, ऑब्जेक्ट म्हणतात ते याहून फार वेगळे नाही. मराठीने मात्र प्रकाराचे नाव उचलून हातातल्या वस्तूला चिकटवले.

'इसम'चे असेच. अरबीत इस्म म्हणजे नाव. पेपरात 'अज्ञात इसम' छापून येतो तेव्हा मला दरवेळी हसू येते. इस्मचे अनेकवचन अस्मा, अस्मा-उल-हुस्नामधला. त्याचेही अनेकवचन असामी. आणि मराठीत असामी म्हणजे एकच माणूस! 'स्टुडंट्स' नावाच्या क्लासमधून एकेक विद्यार्थी काढायचा, तर तो असामीच व्हायचा.

हे शब्द प्रोग्रामिंगमध्ये आणणाऱ्यांनाही ते पहिल्या झटक्यात सापडले नव्हते. ऑस्लोच्या दाल आणि नीगार्ड यांच्या पहिल्या सिम्युला भाषेत 'अ‍ॅक्टिव्हिटी' आणि 'प्रोसेस' असे शब्द होते. क्लास आणि ऑब्जेक्ट आले ते सिम्युला 67 मध्ये.

शिवकाळातला रघुनाथपंत हणमंत्यांचा राज्यव्यवहारकोश आज फारसी शब्द हटवले एवढ्यासाठीच सांगितला जातो. मला त्याची मांडणी आवडते. दहा वर्ग : शस्त्रवर्ग, दुर्गवर्ग, लेखनवर्ग… शब्द कुठे शोधायचा ते नावच सांगते.

भाचीला म्हटले, क्लासचे नाव एकवचनी ठेव, 'स्टुडंट'. आणि ऑब्जेक्टला असे नाव दे की तो कोण ते कळेल. मोहोळ म्हटले की मधमाश्यांचे कुठलेही पोळे, आणि आपले गाव मात्र एकच. तिने एस१ खोडून 'मॉनिटर' लिहिले, एस२चे 'नवा विद्यार्थी' केले. एबीसी तेवढा राहिला. तो कोण होता, हे तिलाच आठवेना.