हौशी पियानो आणि मेणाची नळकांडी

इकडे अमेरिकेत जुन्या सामानाच्या जाहिराती चाळल्या की एक जाहिरात हमखास दिसते. पियानो फुकट, स्वतः येऊन उचलून न्यावा! आपल्याकडून नव्याने आलेल्या माणसाला आधी खरंच वाटत नाही. आपल्या लेखी पियानो म्हणजे हिंदी सिनेमातल्या बंगल्यात, जिन्याखाली ठेवलेली आणि नायकाने पार्टीत दुःखी गाणं म्हणायला वापरायची वस्तू. ती कुणी फुकट कशाला देईल?

कारण एवढंच, की एकेकाळी इथे घरोघरी पियानो होते. १९०९ या एका वर्षात अमेरिकेतल्या कारखान्यांनी ३ लाख ६० हजारांहून अधिक पियानो बनवले. सीअर्स कंपनीच्या टपाली कॅटलॉगात कपडे आणि शिवणयंत्रांच्या जोडीला पियानोही असे. आपल्याकडे मध्यमवर्गीय घरात पेटी असायची तसंच समजा. गाणं ऐकायचं तर घरातल्या कुणाला तरी ते वाजवता आलं पाहिजे, असा सरळ हिशोब होता. स्कॉट जॉप्लिनचं 'मेपल लीफ रॅग' १८९९ मध्ये छापील स्वरलिपीच्या रूपात बाजारात आलं. वाजवायला ते मुळीच सोपं नाही. तरी लोकांनी ते विकत घेतलं आणि अडखळत का होईना, वाजवलं. खुद्द जॉप्लिनच्या वादनाची एकही तबकडी नाही. १९१६ सालच्या पियानोच्या काही कागदी गुंडाळ्या तेवढ्या आहेत.

आता खरी गंमत. एडिसनने १८७७ मध्ये फोनोग्राफ केला आणि पुढच्याच वर्षी एका लेखात त्याचे उपयोग मोजून दाखवले. त्यात पत्रं सांगणं होतं, संगीत होतं आणि घरच्या माणसांचे आवाज जपून ठेवणंही होतं. १८९० च्या दशकात घरगुती फोनोग्राफ आले, त्यांवर मेणाची नळकांडी चढवत. कोरं नळकांडं लावायचं, कर्ण्यासमोर बोलायचं, गायचं, वाजवायचं, की झालं रेकॉर्डिंग. नाही आवडलं तर वरचं मेण तासून टाकायचं आणि पुन्हा सुरुवात! म्हणजे आवाज मुद्रित करणारं हे यंत्र आलं तेव्हाच हौशी माणसाच्या हातात होतं.

पियानोचं मात्र त्यात फारसं जमत नसे. विजेचा मायक्रोफोन नव्हता. हवेच्या कंपनांनी पडदा हलायचा आणि पडद्याने सुई. मोठ्या आवाजाचा गवई त्या कर्ण्यात मावे. पियानोचे हळुवार स्वर मेणावर ओरखडाही उमटवत नसत आणि ठोसकन वाजवलेले स्वर पत्र्यासारखे ऐकू येत.

मग बर्लिनरची सपाट तबकडी आली. ठशावरून हजारो प्रती काढायला सोपी, ठेवायला सोपी. बाजी तिने मारली, पण तिच्यावर घरी काही नोंदवता येत नसे. घरातलं यंत्र आता नुसतं ऐकण्याचं झालं. त्याच सुमारास पायाने भाते हलवून आपोआप वाजणारे पियानोही आले. १९२३ साली अमेरिकेत बनलेल्या पियानोंपैकी निम्म्याहून अधिक असे होते.

बँडवाला जॉन फिलिप सूझा यावर १९०६ मध्येच कडाडला होता. ही यंत्रं हौशी वादकाला संपवतील, पोरं रियाज सोडतील, असं त्याने लिहिलं. (यात त्याचा स्वार्थही होता बरं का! यांत्रिक प्रतींचे पैसे तेव्हा संगीतकारांना मिळत नव्हते. १९०९ च्या कायद्याने दर प्रतीमागे २ सेंट मिळू लागले.) सूझाचं भाकीत बरंचसं खरं ठरलं. पण माझ्या मते यंत्र वाजवतं म्हणून माणूस थांबला असं नाही. तुलना बदलली म्हणून थांबला. पूर्वी घरातल्या मुलीची तुलना शेजारणीशी व्हायची. १९११ नंतर पादेरेव्स्कीची तबकडी तिच्याच दिवाणखान्यात वाजायला लागली. मग तिचं कोण ऐकणार? शेवटी तिलाच लाज वाटायला लागते.

अगदी सगळेच काही थांबले नाहीत. चार्ल्स कुक हा 'न्यूयॉर्कर'चा पत्रकार. हौसेने पियानो वाजवणाऱ्यांसाठी त्याने १९४१ मध्ये एक पुस्तक लिहिलं. त्याचा सल्ला असा, की रचनेतल्या सगळ्यांत कच्च्या जागा शोधा आणि त्यांनाच इतकं घोटा की त्याच सगळ्यांत पक्क्या होतील. मोडलेलं हाड जुळून आलं की तिथेच घट्ट होतं, तसं.

नोंदवण्याची सोय पुन्हा घरोघरी स्वस्तात आली ती १९६३ च्या फिलिप्स कॅसेटने. १९८३ मध्ये विजेची वाद्यं आणि संगणक जोडणारं 'मिडी' हे मानक आलं, यामाहाचा क्लाव्हिनोवा आला. हेडफोन लावून रात्री बारा वाजता वाजवा, भिंतीपलीकडे टकटक सोडून काही जात नाही. शेजारी खूश! पण ऐकणारं कुणीच उरलं नाही. ही उणीव भरून काढली ती घरी केलेल्या रेकॉर्डिंगने.

वाजवताना अर्धं लक्ष बोटांत गुंतलेलं असतं. डावा हात उजव्याला झाकतोय, अवघड जागा जवळ आली की लय धावते, हे दुसऱ्या दिवशी रेकॉर्डिंग ऐकल्यावर कळतं. आणि लाल दिवा लागला की काल बिनचूक वाजलेली ओळसुद्धा चुकते. मैफिलीतली भीती तीच, फक्त समोर श्रोते नाहीत. इथले हौशी वादक अशी रेकॉर्डिंगं, चुकांसकट, एकमेकांना पाठवतात. उत्तरंही ठरावीक वळणाची येतात. मागच्या वेळेपेक्षा पेडल स्वच्छ झालंय, शेवटच्या पानावर घाई होतेय, पुढचं कधी पाठवणार? तुलना असते ती ज्याची त्याच्याच मागच्या रेकॉर्डिंगशी. आपल्याकडे कुणी भीत भीत आपलं काही ऐकवलं, तर "अमक्या पंडितजींचं हेच ऐकलंयस का?" असा प्रश्न येतो आणि बिचाऱ्याचं तोंड बंद होतं. त्यात पंडितजींचा काही दोष नाही, म्हणा!

हौशी मंडळींच्या स्पर्धाही आहेत. पॅरिसमध्ये १९८९ पासून एक सुरू झाली. टेक्सासमधल्या फोर्ट वर्थ इथे १९९९ मध्ये दुसरी सुरू झाली ती व्हॅन क्लायबर्नच्या नावाने, म्हणजे १९५८ साली मॉस्कोची चायकोव्हस्की स्पर्धा जिंकणाऱ्याच्या. अट अशी, की वय निदान ३५ हवं आणि पियानोवर पोट नको. डॉक्टर आले, वकील आले, आणि आमच्या जातीचे इंजिनियरही!

ती मेणाची नळकांडी बहुतेक बुरशीने खाल्ली, फुटली किंवा कुणीतरी तासून पुन्हा वापरली. तरी कॅलिफोर्नियातल्या सांता बार्बरा विद्यापीठाच्या ग्रंथालयाने शेकडो घरगुती नळकांडी जमवली आहेत. साधारण १८९० ते १९१० मधली. त्यांवर मुलांची बडबडगीतं आहेत, थट्टामस्करी आहे, घरच्या घरी वाजवलेली वाद्यं आहेत. वाजवणाऱ्यांतल्या बहुतेकांची नावं कुणाला ठाऊक नाहीत. अमेरिकेच्या राष्ट्रीय ध्वनिमुद्रण नोंदणीसाठी २०१४ ची निवड झाली, तेव्हा हा संग्रह त्यात घेतला गेला.