मिटिलीनीकडे गेलेली दुसरी नौका

प्राचीन ग्रीसच्या आरमाराचा इतिहास वाचतांना आपलें लक्ष सेनापतींकडे व वक्त्यांकडे जातें. वल्ह्यावर बसलेल्या माणसाची विचारपूस सहसा कोणी करीत नाहीं. परंतु एका प्रसंगीं एका सबंध नगराचे प्राण या अनामिक माणसांच्या मनगटांवर अवलंबून होते. त्यांनीं तेव्हां काय केलें हें कळण्यास त्यांचा नित्याचा जीवनक्रम आधीं ध्यानांत घेतला पाहिजे.

अथेन्सची ट्रायरीम नांवाची युद्धनौका सुमारें ३७ मीटर लांब व जेमतेम साडेपांच मीटर रुंद असे. तीवर सुमारें २०० माणसें असत. पैकीं १७० वल्हेकरी तीन थरांत बसत. हे बहुतांशीं गुलाम नव्हते; पुष्कळसे अथेन्सचेच गरीब नागरिक होते, तर कांहीं परगांवचे पगारी खलाशी. तळच्या रांगेस समुद्र दिसत नसे. बासरीच्या सुरावर हात चालवावयाचे, एवढेंच. १९८७ सालीं ग्रीसमध्यें ‘ऑलिंपियास’ नांवाची अशी नौका नव्यानें पाण्यांत सोडण्यांत आली. तिच्या चांचण्यांत असें दिसून आलें कीं, उन्हांत दर वल्हेकऱ्यास तासाला सुमारें १ लिटर पाणी लागतें. एवढें पाणी, चूल व निजावयास जागा त्या अरुंद नौकेंत कोठून असणार? म्हणून या नौका शक्य तों किनारा धरून जात. जेवण व झोंप बहुधा किनाऱ्यावर उतरून होई.

आतां तो प्रसंग पाहूं. लेस्बॉस बेटावरील मिटिलीनी नगराचें बंड अथेन्सनें इ.स.पू. ४२७ मध्यें मोडलें. संतापलेल्या लोकसभेनें तेथील सर्व प्रौढ पुरुषांस ठार मारावें व बायकामुलांस गुलाम करावें असा ठराव केला, आणि तो हुकूम घेऊन एक नौका निघालीहि. दुसऱ्या दिवशीं पश्चात्ताप झाला. क्लीऑननें विरोध केला, डायोडोटसनें रदबदली केली, आणि थोडक्या मतांनीं ठराव फिरला. पण पहिली नौका सुमारें एक दिवस व एक रात्र पुढें होती, आणि अंतर जवळजवळ ३४० किलोमीटर!

थ्युसिडिडीज सांगतो कीं, मिटिलीनीच्या वकिलांनीं दुसऱ्या नौकेस मद्य व सातूचें पीठ पुरविलें. वल्हेकऱ्यांनीं किनाऱ्यास लागण्याचा परिपाठ सोडला. मद्यांत व तेलांत मळलेलें पीठ त्यांनीं वल्हवितां वल्हवितांच खाल्लें. कांहीं निजत, तोंवर इतर वल्हवीत. वाराहि प्रतिकूल नव्हता. पहिल्या नौकेवरील लोकांस आपलें काम अमंगळ वाटत असल्यामुळें ते सावकाश चालले होते. सेनापति पेकीज हुकूम वाचून अंमलबजावणीच्या तयारींत असतांच दुसरी नौका पोहोंचली.

बंडाच्या प्रमुखांस पुढें अथेन्सनें ठार केलेंच; तेव्हां ही दया निर्भेळ होती असें म्हणवत नाहीं. तथापि नगर वाचल्याचें श्रेय एकट्या डायोडोटसच्या वक्तृत्वास देणें आम्हांस अन्यायाचें वाटतें. सभेस सुचलेलें शहाणपण एका नौकेच्या मंद वल्ह्यांनीं व दुसरीच्या अविश्रांत वल्ह्यांनीं तडीस नेलें. आणि अथेन्समध्यें सभेंत मतासाठीं वर होणारे हात व वल्हीं ओढणारे हात पुष्कळ अंशीं एकाच वर्गाचे होते, हेंहि विसरतां कामा नये.