आवाजाची बैठक

कोल्हापूरच्या चित्रसृष्टीचा इतिहास सांगताना कॅमेऱ्याविषयी आपण भरभरून बोलतो. बाबूराव पेंटरांनी तो स्वतः घडविला, ही कथा शाळकरी पोरालाही ठाऊक असते. आवाजाच्या वाट्याला मात्र तेवढे कौतुक आले नाही. गाणारा कोठे उभा होता, तबला कोणत्या अंगाला होता, हे प्रश्न वरवर क्षुल्लक वाटतात. पण ध्वनिमुद्रणाचा निम्मा इतिहास त्यांत दडलेला आहे, असे आम्हांस वाटते.

नाटकगृहात हा प्रश्न कोणाला पडलाच नव्हता. शाहू महाराजांनी १९१५ साली उभारलेले पॅलेस थिएटर, जे पुढे केशवराव भोसले यांच्या नावाने ओळखले जाऊ लागले, ते घ्या. (८ ऑगस्ट २०२४ च्या रात्री ते आगीत जळाले, हे श्रोत्यांस सांगायला नकोच.) संगीत नाटकात रंगमंचापुढे एका बाजूला ऑर्गन, दुसऱ्या बाजूला तबला आणि मध्ये गाणारा नट, अशी मांडणी पुष्कळ ठिकाणी असे. डावीकडचा आवाज डाव्या कानाला जरा आधी व जरा मोठा येतो. हा फरक सेकंदाच्या हजाराव्या भागाहूनही कमी. पण तेवढ्यावर मन प्रत्येकाची जागा बिनचूक ओळखते.

मग बोलपट आला. 'प्रभात'ने कोल्हापुरात 'अयोध्येचा राजा' काढला आणि तो १९३२ साली पडद्यावर आला. संगीत गोविंदराव टेंब्यांचे, प्रमुख भूमिकाही त्यांचीच. ध्वनिमुद्रण विष्णुपंत दामल्यांकडे. पार्श्वगायनाची सोय त्या काळी नव्हती. नटाने कॅमेऱ्यासमोर गायचे आणि साथीदारांनी चौकटीबाहेर, पण आवाज पोचेल इतक्या जवळ बसायचे, हीच बोलपटांची तेव्हाची रीत. आवाज टिपला जाई तो एकाच पट्टीवर. त्यामुळे डावे-उजवे सगळे पुसले गेले. राहिले ते फक्त जवळ आणि दूर. तबला फार वाजतो? उचला, चार हात मागे बसवा! आज यंत्रावर बोटाने होते ते काम तेव्हा सतरंजी सरकवून करावे लागे.

योगायोग असा की, डिसेंबर १९३१ मध्ये लंडनमध्ये ॲलन ब्लमलाइन या अभियंत्याने दोन मार्गांनी आवाज टिपण्याच्या पेटंटसाठी अर्ज केला. पडद्यावरचा नट एका कडेला आणि त्याचा आवाज भलत्याच ठिकाणाहून, ही विसंगती त्याला खटकली होती. पुढे डिस्नेच्या १९४० च्या 'फँटेशिया'साठी आवाज एका कर्ण्याकडून दुसऱ्याकडे सरकविणारे फिरते बटण आले; त्याला 'पॅनपॉट' हे नाव पडले. गाणाऱ्याचा आवाज दोन्ही कर्ण्यांना समसमान दिला की तो मधोमध, जेथे कर्णाच नाही, तेथून आल्याचा भास होतो. म्हणजे नाटकगृहातली बैठक परत मिळाली, पण वादकाने जागा सोडल्याविना!

ही सोय उत्तमच. आमची तक्रार वेगळी आहे. १९६० च्या सुमारास तबकड्यांच्या कंपन्या जुन्या एकमार्गी गाण्यांना उसना स्टिरिओ चढवू लागल्या. युक्ती साधी: उंच स्वर एका कर्ण्याला द्यायचे, खर्ज दुसऱ्याला. आपल्या संगीताची त्यात दैना होते. तबल्याची चाट एका कोपऱ्यात वाजते, डग्ग्याची घुमक दुसऱ्या. जणू तबलजीचे दोन हात दोन खोल्यांत बसविले आहेत. ध्वनिमुद्रकाने पावले मोजून राखलेले जवळ-दूरही त्यात विस्कटते. तेव्हाच्या कलावंतांनी आपापल्या जागा कशा घेतल्या, याचा जो तुटपुंजा पुरावा उरला आहे, तोच आपण खोडून टाकतो. आजची संगणकयंत्रे गाण्यातून कंठ व वाद्ये वेगळी काढतात. तेव्हा मोह आणखी वाढला आहे.

आमची सूचना एवढीच, की जुन्या बोलपटाची मूळ एकमार्गी प्रत शाबूत ठेवावी, आणि घरी ऐकताना दुसरा कर्णा बंद करून पाहावा. गाणारा किती पुढे आहे आणि साथ किती मागे, हे तेव्हा अधिक चांगले ऐकू येते.