पेटी, शिक्का, बटण, काच

1951-52 साली देशाची पहिली सार्वत्रिक निवडणूक झाली, तेव्हा शंभरातले जेमतेम अठरा लोक साक्षर होते. नाव वाचता न येणाऱ्याने उमेदवार कसा निवडायचा? मुख्य निवडणूक आयुक्त सुकुमार सेन यांच्या काळात यावर निघालेलं उत्तर फार साधं होतं. प्रत्येक उमेदवाराची पेटीच वेगळी, आणि तिच्यावर त्याचं चिन्ह. मतदाराने हातातली मतपत्रिका हव्या त्या पेटीत टाकायची, की झालं. यांतल्या बारा लाखांहून अधिक पेट्या विक्रोळीला गोदरेजच्या कारखान्यात तयार झाल्या.

यापेक्षा सोपं काही सुचणं कठीण. पण त्या पत्रिकेवर मतदाराची कुठलीच खूण नसे. कुणी ती पेटीत न टाकता खिशात घालून बाहेर नेली, तर कळायला मार्ग नव्हता.

1962 पर्यंत पेटी एकच झाली. सगळ्या उमेदवारांची नावं आणि चिन्हं एका कागदावर आली आणि मतदाराच्या हाती शिक्का आला. या शिक्क्याबद्दल मला मनापासून आदर आहे. घडी घातल्यावर ओली शाई समोरच्या बाजूला उमटते. मग खरा ठसा कोणता आणि त्याचा डाग कोणता? म्हणून शिक्क्यावर एकाच दिशेने वळणारे बाण कोरले. डागात ते उलटे वळलेले दिसतात, आणि मोजणाऱ्याला मतदाराचं मन नेमकं कळतं. कुणाचं मत नाहक बाद होऊ नये, ही काळजी रबराच्या एवढ्याशा तुकड्यात उतरली होती. तरीही दोन चिन्हांच्या मधोमध शिक्का पडला की मत बाद होई.

मतदान यंत्राचा विचार 1977 पासून सुरू झाला. केरळमधल्या परूर मतदारसंघात 1982 साली 50 केंद्रांवर ते पहिल्यांदा वापरलं गेलं. यंत्राला कायद्यात आधार नाही म्हणून 1984 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ते मतदान रद्द केलं आणि तिथे पुन्हा मतपत्रिकेवर मतदान झालं. कायदा बदलायला 1988 साल उजाडलं.

यंत्राला आजचं रूप देण्यात पवईच्या आयआयटीतल्या औद्योगिक अभिकल्प केंद्राचे ए. जी. राव आणि रवी पूवय्या यांचा मोठा वाटा आहे. यंत्रावर छापील मतपत्रिकाच बसते आणि प्रत्येक चिन्हाच्या ओळीत एक निळं बटण येतं. वर्षानुवर्षं शिक्का मारणाऱ्या हाताला नवं शिकावं लागलं ते एवढंच. केंद्रावरचा अधिकारी दरवेळी आपल्याकडचं बटण दाबून एकाच मताची परवानगी देतो. त्यामुळे मिनिटाला चार-पाचच मतं पडू शकतात. केंद्र बळकावणाऱ्यांना शिक्क्यांचा सपाटा लावता येई, तो इथे चालत नाही. 2004 ची लोकसभा निवडणूक सगळीकडे यंत्रांवर झाली आणि चुकीच्या शिक्क्याने मत बाद होण्याचा प्रश्नच संपला.

पण शिक्क्याचा ठसा मतदार स्वतःच्या डोळ्यांनी बघत असे. आता लाल दिवा लागे, 'बीप' वाजे. म्हणजे यंत्रच सांगे की मत नोंदवलं. ते कुणाच्या नावे नोंदवलं, हे दिसत नसे. जर्मनीच्या घटनात्मक न्यायालयाने 2009 मध्ये नेमक्या याच मुद्द्यावर तिथली यंत्रं नाकारली: तज्ज्ञ नसलेल्या नागरिकालाही मतदानाची पडताळणी करता आली पाहिजे. ही अपेक्षा मला पूर्णपणे रास्त वाटते. यंत्रावर शंका घेणाऱ्या प्रत्येकाला अडाणी ठरवणं हा मतदाराचा अपमान आहे.

आपल्याकडे या प्रश्नातून व्हीव्हीपॅट, म्हणजे मताची छापील चिठ्ठी दाखवणारं यंत्र, आलं. 2013 साली नागालँडच्या नोकसेनमध्ये ते पहिल्यांदा वापरलं गेलं. अनुक्रमांक, नाव आणि चिन्ह असलेली चिठ्ठी काचेआड सात सेकंद दिसते, मग कापली जाऊन पेटीत पडते. पेटी आणि कागद दोन्ही परत आले. 2019 पासून प्रत्येक विधानसभा क्षेत्रातल्या पाच केंद्रांच्या चिठ्ठ्या यंत्राच्या आकड्यांशी ताडून पाहतात. सगळ्याच चिठ्ठ्या ताडून पाहाव्यात ही मागणी सर्वोच्च न्यायालयाने एप्रिल 2024 मध्ये फेटाळली.

पुढच्या वेळी मत द्याल तेव्हा बटण दाबून लगेच वळू नका. ते सात सेकंद काचेकडे बघा आणि चिठ्ठीवरचं चिन्ह आपलंच आहे याची खात्री करून मगच बाहेर पडा.