नाईक, राम
(१६ एप्रिल १९३४ – ). भारतीय जनता पक्षाचे नेते व माजी केंद्रीय मंत्री. जन्म सांगलीचा, शालेय शिक्षण आटपाडीत. बोरिवलीतून १९७८, १९८० व १९८५ मध्ये आमदार. १९८९ पासून उत्तर मुंबईतून सलग पाच वेळा खासदार. मतदारसंघ वसईपलीकडे पसरलेला असल्याने लोकल प्रवाशांचे प्रश्न त्यांच्या राजकारणाच्या केंद्रस्थानी राहिले.

१९९८ मध्ये ते रेल्वे राज्यमंत्री झाले. १९९९ ते २००४ पेट्रोलियम खाते त्यांच्याकडे अखंड होते. आघाडी सरकारात हे दुर्मीळच. गॅस जोडण्यांची प्रतीक्षायादी याच काळात सरली. तरीही २००४ मध्ये अभिनेते गोविंदा यांनी त्यांना हरवले. २०१४ ते २०१९ ते उत्तर प्रदेशचे राज्यपाल होते. ‘चरैवेति! चरैवेति!!’ या आठवणी प्रसिद्ध. पद्मभूषण २०२४ मध्ये.